मंगळुरात राहतोस? मग करतोस काय तिथे?

मंगळूरला राहतो म्हटलं की पुण्या-मुंबईच्या मित्रांचे दोनच प्रश्न असतात. "बीच किती लांब?" आणि "मग करतोस काय तिथे?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. पणंबूरचा बीच घरापासून बाइकवर वीस मिनिटं, आणि मी तिथे जातो ते पाहुणे आले की. (मुंबईकर राणीच्या बागेत कितीदा जातो? तसंच.) खरी मेख दुसऱ्या प्रश्नात आहे.

पण आधी समुद्राचं. समुद्राकाठी राहणं म्हणजे समुद्र बघणं नव्हे, त्याची हवा सोसणं! मी सोलापूरचा. एप्रिलमधे 34-35 डिग्री म्हटल्यावर आमच्याकडे लोक स्वेटर शोधतील. पण सोलापूरचा उन्हाळा कोरडा, कूलरमधल्या पाण्याची वाफ होते आणि खोली गार पडते. इथल्या हवेत आधीच इतकं बाष्प असतं की ते पाणी उडतच नाही, नुसत्या भिंती ओल्या होतात. म्हणजे एसी आला. आणि एसीचा बाहेरचा डबा खारी हवा खाऊन टाकते. बाइकची चेन, खिडकीच्या बिजागऱ्या, लॅपटॉपचे पोर्ट, सगळ्यांचं तेच. पाऊस सुरू झाला (वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर!) की बूट, पाकीट, कॅमेऱ्याची लेन्स यांच्यावर बुरशी. आणि एवढा पाऊस पडूनही 2019च्या उन्हाळ्यात इथे पाणीकपात झाली होती, कारण शहराची सगळी मदार नेत्रावतीवरच्या तुंब्याच्या बंधाऱ्यावर आणि बाकीचं पाणी थेट समुद्रात. असो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा बंदरातल्या धक्क्यावर (इथेही 'धक्के'च म्हणतात) शुकशुकाट असतो आणि बांगडासुद्धा भाव खातो.

हे सगळं धरूनही राहायला मजा येते, खोटं कशाला बोलू. खाजगी सिटी बसचे कंडक्टर 'स्टेटबँक, स्टेटबँक' ओरडत असतात (हे बँकेचं नाही, बसच्या शेवटच्या स्टॉपचं नाव आहे), आणि त्या बसने कुठूनही कुठेही अर्ध्या तासात पोचता येतं. तुळू, कोंकणी, ब्यारी, कन्नड अशा चार भाषा एका चौकात ऐकू येतात, आणि मराठी माणसाचं कोंकणीवर निभावतं.

तर आता मेख. हे शहर माणसं घडवतं आणि बाहेर पाठवतं. मुंबईतली उडुपी हॉटेलं कोणी काढली? याच पट्ट्यातल्या लोकांनी. चाकरमानी हा शब्द आपण कोकणापुरता वापरतो, पण दुपारी कुर्ल्याहून निघून सकाळी मंगळूरला पोचणाऱ्या मत्स्यगंधेत बसून बघा, तुळू बोलणारे चाकरमानीच भेटतील. माणसांचं सोडा, बँकांचंही तेच. कॅनरा बँक 1906 साली इथे सुरू झाली, तिचं मुख्यालय आता बंगळुरात. 1931ची विजया बँक 2019 मधे बँक ऑफ बडोदात विलीन झाली. 1924ची कर्नाटक बँक तेवढी मुख्यालयासकट इथे टिकून आहे. कॉलेजं मात्र भरपूर, सुरतकलला एनआयटी आहे, मेडिकल कॉलेजं आहेत. पोरं अठराव्या वर्षी येतात आणि बाविसाव्या वर्षी जातात.

कारण इथे पहिली नोकरी मिळते, दुसरी मिळत नाही. इन्फोसिस इथे बरीच वर्षं आहे, छोट्या कंपन्याही आहेत, पण बोटांवर मोजण्याइतक्या. पुण्यात एखादा शुक्रवारी पेपर टाकतो आणि नोटिस पिरियड संपला की पलीकडच्या बिल्डिंगमधे जॉइन होतो. घर तेच, डबेवाली मावशी तीच. इथे नोकरी बदलायची म्हणजे शिराडी घाट चढून साडेतीनशे किलोमीटरवर बंगळूर गाठायचं. हे मॅनेजरलाही माहीत असतं, त्यामुळे अप्रेझलमधे तो निवांत असतो. तुम्ही म्हणाल शांत शहर आहे. अहो, भांडायला लागणारं वय इथे राहतंच कुठे?

माझं बरं चाललंय ते कंपनी पुण्याची आहे म्हणून. पगार पुण्याचा, भाडं मंगळूरचं. घरमालकीण आंटींनी दोन मुलांसाठी दोन मजले चढवले होते. एक शारजात, एक टोरांटोत. त्यातल्या एका मजल्यावर मी राहतो आणि मित्रांना फुशारकीने सांगतो, टू बीएचके, भर गावात, निम्म्या भाड्यात! आंटी कोंकणीत बोलतात, मी मराठीत, अडत काहीच नाही. मला 'पुता' म्हणतात. रविवारी मुलांचे व्हिडिओ कॉल झाले की वर नीर डोसे पाठवतात.

2016 मधे मंगळूर स्मार्ट सिटीच्या यादीत आलं. नदीकाठचे सुशोभित रस्ते वगैरे छानच, पण माझ्या मते त्यापेक्षा एकाच परिसरात दहा मध्यम कंपन्या आणल्या असत्या तर जास्त फरक पडला असता. एक मोठी कंपनी आणून भागत नाही. दहा हव्यात, म्हणजे एकीत पटलं नाही तर दुसरीत जाता येतं, आणि पहिलीलाही त्याची थोडी भीती राहते.

गेल्या आठवड्यात एचआरची मेल आली. पुढच्या क्वार्टरपासून आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला यायचं, पुण्यात. इथल्या तीन कंपन्यांकडे रेझ्युमे टाकलाय. एकीने कळवलं की पगार साठ टक्के मिळेल. उरलेल्या दोघींकडून अजून काहीच नाही. पुण्याला उत्तर द्यायला पंधरा तारखेपर्यंत मुदत आहे. आंटींना अजून सांगितलेलं नाही.