रद्दी ठरविण्यापूर्वी

कार्यालयांतील जुने कागद यंत्राने कातरून नष्ट करणे सोपे आहे. अवघड आहे ती त्यापूर्वीची निवड. ‘अ’ वर्गाचे अभिलेख कायम जपावेत, ‘ड’ वर्गाचे वर्षभराने नष्ट करावेत, हा शासकीय दंडक स्पष्ट आहे. परंतु हिंगोलीचा प्रदेश १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता. तेथील अनेक जुनी दप्तरे मोडी व उर्दू लिपींत आहेत. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध आरंभिला, तेव्हा अशा जीर्ण पानांचे मोल सर्वांना कळले. जे वाचताच येत नाही, त्याचा वर्ग कारकुनाने ठरवावा कसा? गठ्ठे यंत्राकडे धाडण्यापूर्वी लिपीचा जाणकार बसविलाच पाहिजे. त्याचे मानधन अल्प असेल. कातरली गेलेली नोंद मात्र कोणत्याही किमतीस परत मिळत नाही.