सांडलेल्या पाण्याची थप्पड

परवा पाळी संपवून तसाच घामेजल्या अंगानं पिक्चरला गेलो. जपानी पिक्चर. 'हदाका नो शिमा', म्हणजे नागडं बेट. कानेतो शिंदोनं १९६० साली काढलेला. काळापांढरा, दीड तासाचा. पाणी ऐकू येतं, वल्ही ऐकू येतात, रडणं ऐकू येतं, बोलणं नाही. सुटल्यावर दारात झब्बेवाल्यांची चर्चा सुरू. एक म्हणतो, काय लय आहे! दुसरा म्हणतो, मातीशी जोडलेलं ते जगणं आता जगातून गेलं हो. डोळे ओले. मी खांदा चोळत उभा. तिथं तोंड उघडलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

गोष्ट एवढीच. हिरोशिमाच्या बाजूला, जपानच्या आतल्या समुद्रात एक उघडंबोडकं टेकाड. त्यावर एकच कुटुंब. नवरा, बायको, दोन पोरं. गोडं पाणी नाही. उजाडायच्या आत नवरा-बायको होडी वल्हवत शेजारच्या बेटावर जातात, लाकडी बादल्या भरतात, परत येतात, कावड खांद्यावर घेऊन चढण चढतात आणि ओगराळ्यानं एकेका रोपाला पाणी घालतात. माती घटाघटा पिते. पुन्हा होडी. हे शिंदो एकदा दाखवून सोडत नाही. पुन्हा पुन्हा दाखवतो. माझ्या मागचा एक जण जांभया देत होता. मला नाय आली. कावडीची काठी कशी वाकते, पाय आधी चाचपून मग टाकायचा, नजर वर न्यायची नाही, हे सगळं बरोबर आहे. गोणी घेऊन फळीवरनं चाललेल्या माणसाला ते शिकवावं लागत नाही. गोदीत कंटेनर आले, पण आमचा खांदा अजून सुटलेला नाही.

एकदा चढणीवर बायकोचा पाय सटकतो. एक बादली सांडते. नवरा स्वतःची कावड नीट खाली ठेवतो, तिच्याजवळ येतो आणि फाडकन थोबाडीत देतो. ती कोसळते. उठते. कामाला लागते. राजेहो, ही तुमची लय! ज्या गावात एका बादलीची किंमत बाईच्या गालावर वसूल होते, ते गेलं म्हणून रडायचं कुणी? तिनं? का तुम्ही?

शिंदोला मी यात धरत नाही. तो काही सहलीला आलेला माणूस नव्हे. हिरोशिमा जिल्ह्यातच १९१२ साली जन्मलेला. बाप दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिला, जमीन गेली, आई दुसऱ्याच्या शेतात राबली आणि हा लहान असतानाच मेली. म्हणून त्याचा कॅमेरा कावडीवरनं हलत नाही. पण एका ठिकाणी माझं त्याच्याशीही भांडण आहे. बोजा अंगावर असताना माणूस गप्प असतो, कबूल. दम कुठून आणणार? पण बोजा टाकला की? आमच्याकडे बोजा पडला की शिव्या सुटतात, गाणी सुटतात, मुकादमाची नक्कल होते. शिंदोची माणसं जेवतानाही मुकी. मुक्या कष्टकऱ्यावर कविता करणं सोपं जातं. तो उलटून बोलत नाही.

दुसरी गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. ते शेजारच्या बेटावर पाणी भरतात तेव्हा त्यांना कुणी विचारत नाही, तुम्ही कोण? कुणी हटकत नाही, पाणी बाटलं म्हणत नाही. आणि त्यांच्या स्वतःच्या बेटावर गावच नाही. पाटील नाही, वेस नाही, वेशीबाहेरची वस्ती नाही. एकच घर. असं गाव उपसून टाकलं की मग खेडं सुंदर दिसतं. आम्ही १९२७ सालच्या महाडची नातवंडं-पतवंडं. खेड्याचं प्रेम आपल्याला परवडत नाही, हे बाबासाहेबांनी १९४८ साली घटना समितीत तोंडावर सांगितलं. जपानातही हे आहेच. कातडं कमावणारे, जनावरं कापणारे 'बुराकुमिन' पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या वस्तीत टाकलेले. त्यांनी १९२२ साली क्योतोत संघटना काढली, 'सुईहेईशा'. पाण्यासारखी सपाट पातळी, असा त्या नावाचा अर्थ. या बेटावर ते नाहीत.

पिक्चरमध्ये या घराचा सगळ्यात सुखाचा दिवस कोणता, ते बघा. पोरं मोठा मासा पकडतात. तो विकायला चौघं शहरात जातात. खानावळीत जेवतात, दुकानातल्या टीव्हीपुढं डोळे फाडून उभे राहतात, रोपवेत बसतात. ज्या वर्षी हे चित्रीकरण झालं, त्याच वर्षी जपान सरकारनं दहा वर्षांत उत्पन्न दुप्पट करायची योजना काढली. खेड्यातली पोरं कारखान्यांकडं लोटली. गेली ती उगाच नाय गेली.

थोरल्या पोराला ताप भरतो. बाप डॉक्टर आणायला होडी मारतो. डॉक्टर येईस्तोवर पोर मेलेलं. शाळेतली पोरं होडीतनं येतात, टेकाडावर त्याला पुरतात. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पाणी. आणि मग एकदम आई बादली उलटी करते, स्वतः वाढवलेली रोपं मुठीमुठीनं उपटते, मातीत पडून हंबरडा फोडते. आता अख्खी बादली गेली, वर पीकही. थिएटरात मी नवऱ्याच्या हाताकडं बघत होतो. तो उभा राहतो, तिच्याकडं बघतो. हात उचलत नाही. वळतो आणि पुढच्या रोपाला पाणी घालतो. थोड्या वेळानं तीही उठते.

दारातल्या चर्चेत त्या हाताबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.