आधी हात ओळखा, मग पटर घ्या

'पंचतारांकित' म्हटलं की बाहेरगावच्या पाहुण्याला हॉटेल आठवतं. कागलकरांना आठवतात पहिल्या शिफ्टच्या गाड्या, कास्टिंग भरलेले ट्रक आणि सीएनसीवर ट्रेनिंगला लागलेला आपलाच एखादा वर्गमित्र. गोल्फ मात्र कुणालाच आठवत नाही. तो साहेबांचा खेळ, असं ठरवून आपण मोकळे! पण गोल्फमधलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं हत्यार, म्हणजे पटर, हा शेवटी ओतलेल्या किंवा मिलिंग केलेल्या धातूचा तुकडाच असतो. आणि धातू तर आपल्या पोरांच्या हातातला विषय.

हिशेब बघा. पार 72 च्या कोर्सवर प्रत्येक होलला दोन पट धरलेले असतात. म्हणजे 36 फटके, बरोबर निम्मे, एकट्या पटरचे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, पदक एका फटक्यानं हुकलं. लांब मारण्यात ती कितीतरी जणींच्या मागे होती. तिला तिथवर नेलं ते पटिंगनं. त्याच ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या गटात पुण्याचा उदयन मानेही खेळला.

आता हौसेनं कुणी पटर घ्यायचं ठरवलं तर काय करतो? रीलमध्ये एखाद्या चॅम्पियनच्या हातात दिसलेला पटर शोधतो, किंमत बघून डोळे पांढरे करतो आणि तरी पहिला स्टायपेंड त्यावर उडवतो. आमचं भांडण आहे ते इथं. तो पटर चॅम्पियनच्या हाताला जमलेला असतो, तुमच्या नाही.

आधी आपला स्ट्रोक बघा. त्याला पैसे लागत नाहीत. घरातल्या फरशीचा सरळ सांधा धरा, त्यावर चेंडू ठेवा, मित्राला मोबाइलवर वरून स्लो मोशनमध्ये शूट करायला सांगा. कुणाचाही जुना पटर चालेल. काहींचा पटर सांध्याच्या रेषेवरूनच मागे-पुढे जातो. बहुतेकांचा मागे जाताना थोडा आत, पायांकडे वळतो आणि फेस दार उघडावं तसा किंचित उघडतो, पुढे येताना लागतो. यातलं कुठलंच चूक नाही. दहा वेळा केलं तर दहाही वेळा तसंच होतंय का, एवढंच बघायचं.

मग पटर बोटावर आडवा तोला. फेस आभाळाकडे बघत राहिला, तर तो फेस-बॅलन्स्ड. दांड्याची रेषा डोक्याच्या गुरुत्वमध्यातून जाते, म्हणून तो कुठंच झुकत नाही. सरळ रेषेत मारणाऱ्याला हा सहसा बरा. टोकाचा भाग, म्हणजे टो, खाली लोंबला तर गुरुत्वमध्य दांड्याच्या रेषेबाहेर आहे. असा पटर वळायला राजी असतो, त्यामुळे कमानीत मारणाऱ्याला सोयीचा. कमान जास्त, तर लोंबणंही जास्त चालतं. हा काही न्यूटनचा नियम नाही, उलट पटर घेऊन जिंकलेलेही आहेत. पण सुरुवात करायला यापेक्षा सोपी कसोटी नाही.

एवढं काटेकोर कशाला, असं वाटत असेल तर मशीन शॉपमधल्या कुणालाही विचारा. फेस फक्त 1 अंश उघडा राहिला, तर दहा फुटांवर चेंडू दोन इंचांहून थोडा जास्त सरकतो. होलचा व्यास 4.25 इंच. मध्यावर नेम धरला होता, चेंडू कडेवर आला.

लांबी तर लोक बघतच नाहीत. दुकानात 33 ते 35 इंच नेहमीचं. हात सैल सोडून, वाकून उभं राहा. पटरचा तळ जमिनीला सपाट टेकला पाहिजे. टो वर उचलला जात असेल तर दांडा बहुधा लांब आहे, भावा, तुझी उंची कमी नाही.

कार्स्टन सोल्हेम हा जनरल इलेक्ट्रिकमधला इंजिनिअर. चाळिशी ओलांडल्यावर गोल्फ शिकला आणि पटिंगनं वैतागला. 1959 मध्ये त्यानं स्वतःच पटर बनवला, त्याचं वजन मधून काढून दोन्ही टोकांना नेलं. चेंडू मधोमध नाही लागला तरी डोकं कमी फिरतं, कारण जडत्व आघूर्ण वाढतं. तुमच्या दुसऱ्या सेमिस्टरचाच धडा. चेंडूला लागताना जो आवाज यायचा, त्यावरून नाव पडलं 'पिंग'.

म्हणून कोल्हापूर-कागलच्या कॉलेजांकडे आमचं मागणं साधं आहे. 18 होलचं मैदान नको. जिमखान्यात दहा-पंधरा फुटांची गालिच्याची पट्टी टाका, एक फेस-बॅलन्स्ड आणि एक टो लोंबणारा असे दोन जुने पटर ठेवा, दोन्ही सगळ्यांना वापरू द्या. मेकॅनिकलच्या पोरापोरींना प्रोजेक्ट म्हणून पटरचं डोकं डिझाइन करू द्या. ओतायला भट्ट्या आणि घासायला मशिनं हाकेच्या अंतरावर आहेत. पहिला नमुना बहुतेक वेडावाकडाच निघेल. तो बोटावर तोलून बघा, टो कुठं लोंबतो ते लिहून ठेवा आणि पुढच्या नमुन्यात वजन हलवा.