गोंगाटातले गाऱ्हाणे

हेवी मेटल म्हणजे कान बधिर करणारा गोंगाट आणि तो ऐकणारी मुले म्हणजे वाया गेलेली मुले, हे समीकरण आपल्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांपासून प्राध्यापकांपर्यंत बहुतेकांनी मान्य करून टाकले आहे. ऐकून नापसंत करणाऱ्यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. न ऐकता निकाल देणाऱ्यांना मात्र एका ध्वनिमुद्रिकेची हकिकत सांगावीशी वाटते.

तिचे नाव 'टॉक्सिसिटी', म्हणजे विषारीपणा. ती काढणारे पथक 'सिस्टिम ऑफ अ डाउन', राहणार लॉस एंजेलिस. गायक सर्ज टँकियन, गिटारवादक डॅरॉन मलाकियन, बेस वाजवणारा शावो ओडाजियन आणि ड्रम्सवर जॉन डोलमायन, हे चौघेही आर्मेनियन वंशाचे. सर्ज आणि जॉन लेबनॉनमध्ये जन्मले, शावो येरेवानमध्ये. डॅरॉन तेवढा अमेरिकेत. १९१५ पासून ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियनांची जी कत्तल झाली, तीत दहा लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक माणसे मेली असे बहुतेक इतिहासकार मानतात. तुर्कस्तान तिला वंशसंहार म्हणायला आजही तयार नाही. या मुलांच्या घरांतली म्हातारी माणसे त्या संहारातून वाचलेली. १९९८ सालच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतच त्यांनी त्यावर एक गाणे केले होते. तेव्हा ओरडणे आले ते कुठून, हा प्रश्न विचारायचाच झाला तर उत्तर फार दूर नाही.

'टॉक्सिसिटी' ४ सप्टेंबर २००१ रोजी बाजारात आली. आदल्या दिवशी हॉलिवूडमध्ये पथकाचा विनामूल्य कार्यक्रम ठरला होता. अपेक्षेहून कितीतरी अधिक गर्दी लोटली, पोलिसांनी कार्यक्रम रद्द केला आणि दंगल उसळली. वाद्येसुद्धा शिल्लक राहिली नाहीत. असो. मुद्रिका अमेरिकेच्या विक्रीयादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेली, आणि ती तिथे पोचते न पोचते तोच ११ सप्टेंबर उजाडला.

यानंतर जे झाले ते खरोखर विचार करण्यासारखे आहे. हजाराहून अधिक रेडिओ केंद्रे ताब्यात असलेल्या 'क्लिअर चॅनेल' या कंपनीत दीडशेहून अधिक गाण्यांची एक यादी फिरली: ही गाणी तूर्त वाजवताना विचार करावा. ही बंदी नव्हे, असे कंपनीचे म्हणणे होते. या यादीत जॉन लेननचे 'इमॅजिन' होते, लुई आर्मस्ट्राँगचे 'व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड' होते, आणि 'टॉक्सिसिटी'तले सर्वांत गाजलेले 'चॉप सुई!' हेही होते. जग सुंदर आहे असे म्हणणारे गाणेही ज्यांना धोक्याचे वाटले, त्यांच्याकडून 'चॉप सुई!'ला न्याय कसा मिळणार? त्यात आत्महत्या आणि देवदूतांचे मरण यांचा उल्लेख आहे, एवढे पुरे झाले. गाण्याचा विषय काय, हे पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही. डॅरॉनने तो सांगितलेला आहे: माणूस कसा मेला यावरून आपण त्याची किंमत ठरवतो. नशेने मेला तर 'त्याची तीच लायकी' असे म्हणून मोकळे होतो. गाण्याच्या शेवटाकडे क्रूसावरच्या ख्रिस्ताच्या उद्गारांची आठवण येते ती उगाच नव्हे. शोकाच्या दिवसांत वाजवायला याहून योग्य गाणे कोणते, हे निदान मला तरी सांगता येणार नाही.

त्याच आठवड्यात सर्जने अमेरिकेच्या मध्यपूर्वेतील धोरणांवर आणि तेलाच्या राजकारणावर एक लेख प्रसिद्ध केला. तोही लगेच काढून घेतला गेला. भडका उडालेला असताना कारणे शोधणारा माणूस कोणालाच नको असतो. त्याने थोडे थांबायला हवे होते असे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. थांबून लिहिलेले लेख नंतर ढिगाने आलेच.

पुढे वारा फिरला. तीच मुद्रिका आता द्रष्टेपणाची ठरली. या पोरांना सारे आधीच दिसले होते, असे चाहते सांगू लागले. हेही न ऐकण्याचेच दुसरे रूप. पहिलेच गाणे घ्या, 'प्रिझन साँग'. विषय अमेरिकेतील तुरुंग. सुमारे वीस लाख माणसे कोठडीत आहेत, अमली पदार्थांच्या किरकोळ गुन्ह्यांना सक्तीच्या शिक्षा आहेत, संशोधन मात्र उपचारांच्या बाजूचे आहे, हे सर्ज अक्षरशः वर्गात टिपणे वाचून दाखवावीत तसे वाचतो आणि मग गिटारी अंगावर येतात. इंग्रजी गाण्यांचा अर्थ सांगणारे आमच्या घरी कोणी नाही, कॉलेजात आलेली मी पहिलीच. तरी शब्दकोश शेजारी ठेवून मला हे गाणे एका बैठकीत समजले. यात भविष्यवाणी कसली? हा त्या वर्षीच्या वस्तुस्थितीचा हिशेब आहे. ज्यांच्यावरचे संकट तेव्हा शहाऐंशी वर्षांचे जुने झाले होते, त्यांच्या गाण्यांत फक्त अमेरिकेचे उद्या शोधणे मला कोतेपणाचे वाटते.

भाषा अशिष्ट आहे, हा आक्षेप खरा आहे. शिव्या आहेत. 'बाउन्स' हे गाणे तर मला निव्वळ चावट वाटते आणि ते वगळले असते तर चौदाची तेरा होऊन काही बिघडले नसते. पण अशिष्ट भाषेमुळे सगळेच मोडीत काढायचे, तर १९७२ साली 'गोलपिठा'बद्दल नाके मुरडणारेही बरोबर होते असे म्हणावे लागेल. ते म्हणायला आपले मराठीचे प्राध्यापक तयार होतील असे वाटत नाही.

ओरडण्याची तक्रार करणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे: 'एरियल्स' हे शेवटचे गाणे संपले की लगेच उठू नका. त्यानंतर, वेष्टनावरच्या यादीत नाव नसलेला एक तुकडा येतो. आर्मेनियन चर्चमधील जुन्या स्तोत्रावर तो आधारलेला आहे आणि त्यात आर्टो टुंचबोयाजियान हा तुर्कस्तानात जन्मलेला आर्मेनियन कलावंत साथीला आहे. इथे कोणी ओरडत नाही. हॉलिवूडच्या टेकडीवरील अक्षरांसारखे पथकाचे नाव मुखपृष्ठावर मिरवणाऱ्या मुद्रिकेचा शेवट आजोबा-पणजोबांच्या प्रार्थनेने होतो.

२३ एप्रिल २०१५ रोजी, वंशसंहाराच्या शताब्दीच्या पूर्वसंध्येला, हे पथक आर्मेनियात प्रथमच गायले. येरेवानच्या रिपब्लिक चौकात, विनामूल्य, भर पावसात. 'चॉप सुई!' तिथेही झाले. भिजत उभ्या असलेल्या त्या गर्दीत ते गाणे ऐकताना कोणाला न्यूयॉर्क आठवले असेल, असे मला वाटत नाही.