पोरांना पाणी शिकवा, आणि सभेत बोलूही द्या



ठेका, बीज, बर्फ, अनुदान यांवर आपण इथे नेहमीच बोलतो. आज पोरांबद्दल बोलायचं आहे.

कुठल्याही मच्छीमार संस्थेच्या सर्वसाधारण सभेला जा. पुढच्या रांगेत पन्नाशी-साठीची माणसं. पोरं कुठे? कोणी पिथमपूरच्या कारखान्यात, कोणी सुरतेला, कोणी बांधकामावर. मग आपण म्हणून टाकतो, "आजकालच्या पोरांना पाण्याची आवडच नाही." आमचं म्हणणं वेगळं आहे. पोरांना पाणी शिकवायची सोय नाही, आणि जी शिकली त्यांना संस्थेत बोलायला जागा नाही. या दोन गोष्टी सुधारल्या नाहीत, तर उद्या तलाव ठेकेदाराकडे जाईल आणि आपली पोरं तिथेच मजुरीने जाळं ओढतील.

उदाहरण लांबचं नको. राऊवरून जाणारा आग्रा-मुंबई रस्ता घाट उतरून खलघाटला नर्मदा ओलांडतो. इंदूर शहर १९७८ पासून या नर्मदेचं पाणी पितं. त्याच नदीच्या खालच्या अंगाला धार, बडवानी, अलीराजपूर आणि आपल्या महाराष्ट्राचा नंदुरबार जिल्हा आहे. तिथे सरदार सरोवराचं पाणी पसरलं आहे, लांबी २१४ किलोमीटर. तीन राज्यांतली २४५ गावं बुडिताच्या यादीत आली. त्यांत महाराष्ट्राची ३३, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. बहुतेक भिल्ल, पावरा वस्तीची. नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाचं कार्यालय इंदुरात, म्हणून या लोकांचे कितीतरी मोर्चे आणि अर्ज इंदुरात येत राहिले.

या गावांत सरकारी शाळा बऱ्याचदा कागदावरच होती. गुरुजी नाही, खडू नाही. तेव्हा १९९१-९२ च्या सुमारास नर्मदा बचाव आंदोलनाच्या लोकांनी चिमलखेडी आणि निमगव्हाणला स्वतःच शाळा काढल्या. नाव ठेवलं जीवनशाळा. गावातलाच शिकलेला पोरगा गुरुजी. सुरुवात घरच्या पावरी-भिलोरी बोलीतून, मग मराठी. अक्षर-गणिताबरोबर झाडपाला, शेती, नदी, गावची गाणी-गोष्टी, आणि आपला हक्क काय हेही. पाणी वर चढलं तशा काही शाळा बुडाल्या. लोकांनी त्या टेकडीवर सरकवून पुन्हा उभ्या केल्या. धरणाबद्दल कोणाचं मत काहीही असो, या शाळांतून शिकलेली पोरं अधिकाऱ्यासमोर कागद वाचून दाखवायला लागली, हे कोणी नाकारू शकत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. या गावांतली म्हातारी माणसं नदी जाणतात. कुठला डोह, कुठली धार, पाण्याचा रंग बदलला की काय समजायचं, महाशीर कुठे चढते, सगळं तोंडपाठ. पण त्यांच्या दारात आता नदी राहिली नाही, सरोवर आलं. वाहतं पाणी थांबलं की माशांची जातही बदलते. महाशीरला अंडी घालायला वाहतं पाणी आणि गोटे लागतात. थांबलेल्या पाण्यात कटला, रोहू वाढतात. या धरणात पाणी १३८.६८ मीटरपर्यंत चढतं आणि ११०.६४ मीटरपर्यंत उतरू शकतं, म्हणजे २८ मीटरचा फरक. काल जिथे काठ होता तिथे आज खोल पाणी, आणि खाली बुडालेली झाडं उभी. जाळं अडकलं की फाटलंच. वारा सुटला की लाटा उठतात, त्या नदीत कधी उठत नव्हत्या.

म्हणजे बघा, हे ज्ञान वडिलांकडून आयतं मिळण्यासारखं नाही आणि पुस्तकातही नाही. म्हाताऱ्याला ठाऊक आहे की खाली कोणाचं शेत होतं, कुठे नाला होता, कुठे आंबा उभा होता. पोराला मोबाइलवर नकाशा बघता येतो, धरणाची रोजची पातळी वाचता येते. दोघं एका होडीत बसली तरच आज जाळं कुठे टाकायचं ते ठरतं.

आणि हा फक्त धंद्याचा प्रश्न नाही. जानेवारी २०१९ मध्ये, ऐन संक्रांतीला, धडगाव तालुक्यात नर्मदेत बोट उलटली. माणसं गेली, त्यांत लहान मुलंही होती. होडीत किती माणसं बसवायची, वारा बघून परत कधी फिरायचं, जॅकेट का घालायचं, हे शिक्षण वह्या-पुस्तकांइतकंच गरजेचं आहे.

दुसरं उदाहरण तवा धरणाचं, इटारसीजवळचं. १९७० च्या दशकात तिथे ४४ गावं उठली. गोंड आणि कोरकू लोक, मूळचे शेतकरी, मच्छीमार नव्हेत. पाण्यावर हक्क आधी महामंडळाचा, मग ठेकेदाराचा. केसल्याच्या किसान आदिवासी संघटनेने लढून १९९६ मध्ये पाच वर्षांचा पट्टा मिळवला आणि तवा मत्स्य संघ उभा राहिला. सुनील नावाचा दिल्लीत शिकलेला तरुण कार्यकर्ता तिथेच येऊन राहिला होता. पण जाळं ओढणारे, माल तोलणारे, गावोगावच्या समित्यांवर निवडून आलेले सगळे त्याच गावांतले. बीज सोडणं, बंदी पाळणं, बर्फात भरून लांबच्या बाजाराला माल पाठवणं, सगळं त्यांनी करून दाखवलं. २००१ मध्ये पट्टा पुन्हा मिळाला. डिसेंबर २००६ नंतर सातपुड्याच्या वन्यजीव क्षेत्राचं कारण पुढे करून तो वाढवला नाही. दहा वर्षं संघ उत्तम चालला आणि एका कागदावर थांबला. म्हणून आम्ही म्हणतो, नुसतं पाणी शिकून भागत नाही, कागदही वाचता आला पाहिजे.

पार कॅनडाच्या उत्तरेला, ग्रेट स्लेव्ह नावाच्या अफाट सरोवराच्या काठी, लुत्सेल के नावाचं डेने आदिवासींचं छोटंसं गाव आहे. तिकडे एके काळी आदिवासी मुलांना घरातून उचलून निवासी शाळांत डांबलं, त्यांची भाषा तोडली. त्या गावाने २००८ पासून स्वतःचे पहारेकरी नेमले. तरुण पोरं जाणत्यांबरोबर बोटीने सरोवरावर फिरतात, पाणी आणि मासे तपासतात, नोंद ठेवतात, बाहेरून येणाऱ्यांना नियम सांगतात, आणि या कामाचा पगार घेतात. २०१९ मध्ये तिथला सुमारे २६ हजार चौरस किलोमीटरचा मुलूख राखीव झाला. त्याच्या कारभारात गाव सरकारबरोबर बसतं.

आपली आश्रमशाळा सक्तीची नाही, तिथे दोन वेळचं जेवण आहे, अक्षर आहे. पण सहाव्या वर्षी गेलेलं पोर सोळाव्या वर्षी परत येतं तेव्हा त्याला जाळ्याची गाठ मारता येत नाही, आणि नोकरीही लागलेली नसते. तो ना इकडचा ना तिकडचा.

कोणी विचारेल, मग काय पोरांना शाळा सोडून होडीवर बसवायचं? मुळीच नाही. लहान मुलाला रात्रीच्या जाळ्यावर नेणं म्हणजे शिक्षण नव्हे. शाळा पूर्ण झालीच पाहिजे, मुलींचीही. आमची मागणी साधी आहे, आणि बरीचशी आपल्याच हातातली आहे.

पहिली गोष्ट, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शिकण्याचे सांगितले आहेत. संस्थेने गावच्या शाळेकडे जाऊन सांगावं, त्यातले काही दिवस आमच्या काठावर घालवा. पोहणं, जाळं विणणं, बोटुकली ओळखणं, वजनकाटा आणि हिशोब. शिकवणारे आपलेच जाणते सभासद, आणि त्यांना त्याचं मानधन.

दुसरी गोष्ट, १६ जून ते १५ ऑगस्ट मध्य प्रदेशात मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत मोठ्या पोरापोरींचा वर्ग घ्या. ठेक्याचा करार वाचायला शिकवा, ऑडिट समजावून द्या. २००६ च्या वनहक्क कायद्यात मासे आणि पाण्यातल्या इतर उत्पादनांवर गावाचा सामूहिक हक्क लिहिला आहे. दाव्यासाठी जुन्या जागा म्हातारे सांगतील, नकाशा पोरं काढतील.

तिसरी गोष्ट खरी अवघड, कारण ती आपल्या खुर्चीची आहे. संचालक मंडळात पस्तिशीच्या आतल्या दोघांना तरी घ्या, त्यात एक मुलगी. नुसतं फोटोपुरतं नको. वजनकाटा, बीज-खरेदी किंवा बँकेचं काम त्यांच्याकडे पूर्ण सोपवा आणि वर्षाने हिशोब मागा. होडी वडिलांच्या नावावर असली तरी पोराला सभासद करून घ्या. शेअरची रक्कम जड जात असेल तर हप्त्याने घ्या.

येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घाला. "आयत्या वेळचे विषय" मध्ये नको, वरच्या तिनात घाला. आणि त्या सभेला घरातल्या पोराला, पोरीला बरोबर घेऊन या.