रिपोर्ट नॉर्मल, तरी अंग का ठणकतं?

मान धरते, खांदे भरून येतात, रात्रभर झोपूनही शीण जात नाही. रक्ततपासणी, एक्स-रे सगळं नॉर्मल. मग घरचे म्हणतात, ‘मनाचे खेळ आहेत.’ तसं नाही. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या सर्वांगदुखीला जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात स्वतंत्र स्थान आहे. फायब्रोमायल्जियाही त्यातच मोडतो. वेदना खरी आहे. वाद आहे तो तिच्या उगमाचा.

एक उत्तर स्नायूंकडे बोट दाखवतं. स्नायूत दोरीसारखा ताठ पट्टा आणि त्यात दाबल्यावर कळ मारणारी जागा हाताला लागते, तो ‘ट्रिगर पॉइंट’. खांद्यावर दाबलं की कळ मानेतून कानशिलापर्यंत जाऊ शकते. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी डेव्हिड सायमन्स यांच्यासह १९८३ मध्ये यावर ग्रंथ लिहिला. फायब्रोमायल्जियाच्या १९९० च्या निकषांत मात्र १८ ‘टेंडर पॉइंट’ होते; त्यांपैकी किमान ११ दुखणं आवश्यक होतं. हे बिंदू दाबल्या जागीच दुखतात, कळ दूर जात नाही. दोन्हींची गल्लत आजही होते. २०१० च्या निकषांतून तर ही मोजणीच गेली. आता दुखरे भाग, थकवा, झोप, विसराळूपणा यांवर भर असतो.

मग दोहोंचा संबंध काय? फायब्रोमायल्जियात मेंदू आणि मज्जारज्जूतली वेदनेची यंत्रणा अतिसंवेदनशील होते; हलका दाबही दुखतो. अशा रुग्णांत ट्रिगर पॉइंटही बरेच आढळतात. काही छोट्या अभ्यासांत त्यांवर उपचार केल्यावर इतरत्रची वेदनाही कमी झाली. म्हणजे स्नायू आगीत तेल ओतत असावेत. पण आग त्यांनीच लावली, हे सिद्ध झालेलं नाही. दोन तपासनिसांचं बोटही अनेकदा एकाच जागी पडत नाही.

हा वाद रुग्णाच्या खिशापर्यंत पोहोचतो. एकच खांदा धरला असेल, तर फिजिओथेरपी किंवा ड्राय नीडलिंगने आराम पडू शकतो. सर्वांग दुखत असताना मात्र महिनोन्‌महिने केवळ सुया टोचून घेण्याने मूळ दुखणं सुटत नाही. आधी थायरॉइड, ‘ड’ जीवनसत्त्व, संधिवात यांची शंका डॉक्टरांकडून दूर करून घ्यावी. युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या २०१७ च्या शिफारशींत ठाम पाठिंबा मिळाला तो एकाच उपायाला : व्यायामाला. सुरुवात रोजच्या दहा मिनिटांच्या चालण्याने करा, झेपेल तसं वाढवा. आणि घरच्यांनी ‘मनाचे खेळ’ म्हणणं थांबवावं.