नाणेघाट ‘सर’ होत नसतो

दर पावसाळ्यात आमचे काही मित्र वैशाखऱ्याहून नाणेघाट चढतात आणि ‘सर केला’ म्हणून सांगतात. माझा या शब्दाला आक्षेप आहे. गड सर होतो. नाणेघाट हा रस्ता आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल सुमारे २००० वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळी, याच वाटेने जुन्नरला जाई. माथ्याजवळच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी शिलालेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापणे, सारे आकड्यांनिशी! आपल्याकडील अंकचिन्हांचा तो फार जुना पुरावा मानतात. पण घाटातून ओझी वाहणाऱ्यांचा हिशेब त्यात नाही. जकातीचा म्हणून दाखवतात त्या दगडी रांजणाभोवती मात्र गर्दी असते. मित्रहो, जरूर चढा. फक्त त्या पायऱ्या कोणाच्या पायांनी झिजल्या, एवढे तरी विचारा.

माझी आजी घाटमाथ्यावरची. डोक्यावर पाटी घेऊन ती अनवाणी कोकणात उतरे आणि मीठ-सुकट घेऊन दिवे लागायच्या आत वर येई. याला तिने कधी साहस म्हटले नाही. गुडघे दुखू लागले की मात्र ती अजून घाटाचे नाव घेते.